चावऱ्या कुत्र्याचा न्याय

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. एरवीं फाटकाशींच भुंकून स्वागत करणारा त्यांचा मोती त्या दिवशीं परसांत दोन साखळ्यांनीं जखडलेला होता, आणि त्यांची पांच वर्षांची नात गालावर पट्टी बांधलेली अशी आजीच्या मांडीवर निजली होती. मोतीनें तिचा गाल फाडला होता. डोळा थोडक्यांत बचावला. डॉक्टरांनीं जखम धुऊन टांके घातले होते आणि प्रतिबंधक लस टोंचण्यास सुरुवात केली होती. घरांत अर्थातच दोन तट पडले होते. मुलीचे वडील म्हणत होते, "हें जनावर उद्यां सकाळीं मला ह्या घरांत दिसतां कामा नये. डॉक्टरांना बोलवा आणि त्याला कायमची सुई द्या." आजोबा म्हणत होते, "आठ वर्षें ज्यानें दार राखलें, त्याला एका चुकीपायीं मारावयाचें?" मुलीची आई बराच वेळ गप्प होती. चहाचा पेला पुढें ठेवतांना तिनें एवढेंच विचारलें, "काका, तुम्ही इतिहासाचीं पुस्तकें वाचतां. अशा वेळीं पूर्वीं लोक काय करीत?"

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. घरीं परत आल्यावर पुस्तकें काढलीं. त्यांत जें आढळलें, आणि त्यावरून मनाचा जो निश्चय झाला, तो येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

ह्या प्रश्नाशीं कायद्याच्या आधीं कथेची ओळख झालेली दिसते. पंचतंत्रांतील पांचव्या तंत्राचें नांवच ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख न करतां कृति करणारा, असें आहे. त्यांतील ब्राह्मणीची गोष्ट आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असते. ती पाण्याला जाते. मागें पाळण्यांत मूल आणि पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलें मुंगूस. परत येते तों दारांत मुंगूस सामोरें येतें, तें रक्तानें माखलेल्या तोंडानें. ती भरलेली घागर त्याच्या अंगावर टाकते, आणि आंत जाऊन पाहते तर मूल खुशाल निजलेलें व शेजारीं सापाचे तुकडे! ही गोष्ट सहाव्या शतकांत पंचतंत्राबरोबर इराणांत गेली, आठव्या शतकांत अरबी भाषेंत उतरली आणि तेथून युरोपभर पसरली. ह्या प्रवासांत मुंगुसाचा कुत्रा झाला. तेराव्या शतकांत फ्रान्समध्यें लिआँ शहराजवळच्या खेड्यांतील बायका आपलीं आजारी मुलें गिनफोर नांवाच्या एका शिकारी कुत्र्याच्या थडग्यापाशीं नेत आणि त्याला संत मानून नवस करीत. एतिएन द बूर्बों ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशकानें चौकशी केली, तेव्हां त्याला आपल्या ब्राह्मणीचीच कथा तेथील उमरावाच्या नांवानें ऐकावयास मिळाली. त्यानें त्या कुत्र्याचीं हाडें उकरून जाळविलीं. पण नवस कांहीं थांबले नाहींत. वेल्समधील बेडगेलर्ट गांवीं राजपुत्र ल्यूएलिनच्या गेलर्ट नांवाच्या कुत्र्याचें थडगें दाखवितात. तेंहि ह्याच कथेचें स्मारक आहे.

ह्या सर्व कथांचा बोध एकच आहे, आणि तो चांगला आहे: रक्त दिसलें म्हणून लगेच घागर उचलूं नये. परंतु ह्या कथा आपल्याला एका अवघड जागीं सोडून निघून जातात. त्यांतला प्राणी दर वेळीं निर्दोष ठरतो. साप कोठें तरी सांपडतोच. त्यामुळें वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतें, पण खऱ्या संकटाला तोंड देण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाहीं. घरांत जाऊन पाहिलें आणि तेथें साप नसलाच तर? तोंडावरचें रक्त खरोखर मुलाचेंच असलें तर? कथा जेथें संपते तेथें आमच्या स्नेह्यांच्या सुनेचा प्रश्न सुरू होतो. त्याचें उत्तर कथेंत नव्हे, कायद्याच्या इतिहासांत शोधावें लागतें.

चावऱ्या कुत्र्याचा सर्वांत जुन्या कायद्यांपैकीं एक मातीच्या विटांवर लिहिलेला आहे. बगदादजवळील तेल हर्मल येथें १९४५ व १९४७ सालीं सांपडलेल्या ह्या विटांवर एश्नुन्ना राज्याचे सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींचे नियम कोरलेले आहेत. त्यांतला एक असा: कुत्रा चावरा आहे अशी ताकीद पेठेच्या अधिकाऱ्यांनीं धन्याला दिली असतांहि त्यानें तो कोंडून ठेवला नाहीं, आणि तो चावून मनुष्य मेला, तर धन्यानें चाळीस शेकेल चांदी भरावी, मेलेला गुलाम असेल तर पंधरा. गुलामाच्या जिवाची ही स्वस्ताई त्या काळाला शोभणारीच आहे. आपल्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. त्या नियमांत कुत्र्याचें काय करावें ह्याबद्दल एक अक्षरहि नाहीं! कायदा कुत्र्याशीं बोलतच नाहीं; तो धन्याला विचारतो, "तुला ठाऊक होतें ना?"

यहुद्यांच्या धर्मग्रंथांत हाच प्रश्न बैलाच्या बाबतींत विचारला आहे, पण तेथें जनावरहि सुटत नाहीं. ज्या बैलानें माणसाला शिंगांनीं भोसकून मारलें त्याला दगडांनीं ठेंचावें, त्याचें मांस कोणीं खाऊं नये, आणि धनी निर्दोष समजावा. मात्र तो बैल पूर्वींपासून मारका असून धन्याला तशी सूचना मिळालेली असेल, तर धनीहि देहान्तास पात्र. ग्रीकांचा स्मृतिकार सोलन ह्यानें इ. स. पूर्वीं सहाव्या शतकाच्या आरंभीं असा नियम केला कीं, चावलेला कुत्रा तीन हात लांबीचें लांकूड गळ्यांत अडकवून दुखावलेल्या मनुष्याच्या स्वाधीन करावा. रोमन कायद्यांतहि जनावरानें केलेली नुकसानी भरून द्यावी, नाहीं तर तें जनावरच देऊन टाकावें, असा पर्याय धन्याला असे. इंग्लंडांत नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडनें बांधून दिलेला दर तर कोष्टकासारखा आहे: कुत्र्यानें माणसाला पहिल्यानें चावा घेतला तर सहा शिलिंग, त्यानंतरहि धन्यानें त्याला खाऊं घालणें चालू ठेवलें आणि तो पुन्हां चावला तर बारा, तिसऱ्यांदा तीस. ह्या दरांत एक मार्मिक तत्त्व दडलेलें आहे. पहिला चावा कुत्र्याचा असतो. दुसरा आणि तिसरा हे धन्याचे असतात.

आपल्या धर्मशास्त्रानें ह्याच तत्त्वाची मांडणी आणखी वेगळ्या रीतीनें केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि, असा नियम सांपडतो कीं, दांतांच्या किंवा शिंगांच्या जनावरानें कोणाला धरलें असतां, सोडविण्याचें सामर्थ्य असूनहि धनी सोडवीत नाहीं, तर त्याला पहिल्या प्रतीचा साहसदंड करावा. आणि संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें आरोळी मारली असतांहि तो धांवला नाहीं, तर दुप्पट. ज्या मिताक्षरा टीकेच्या आधारें महाराष्ट्रांतील हिंदूंचे दायभाग शतकानुशतकें ठरत आले, ती टीका ह्याच याज्ञवल्क्यस्मृतीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें विज्ञानेश्वरानें रचिलेली आहे. म्हणजे हा नियम आपल्या घरापासून दूरचा नव्हे. त्यांतील ती ‘आरोळी’ आम्हांला फार बोलकी वाटते. एश्नुन्नाचा न्यायाधीश धन्याला विचारतो, "तुला ठाऊक होतें काय?" आपला स्मृतिकार विचारतो, "तुला ऐकूं आलें नाहीं काय?" 

कुत्र्यालाच दंड सांगणारा, पण तो मोजूनमापून सांगणारा, जुना ग्रंथ म्हणजे पारशांचा वेंदिदाद. कुत्र्याची महती त्या धर्मांत मोठी. न भुंकतां चावणाऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या कुत्र्याच्या गळ्यांत लांकडी जोखड घालून त्याला खांबाला बांधावें, आणि धर्मबांधवावर करावे तसे त्याच्यावर उपचार करावेत, असें तेथें सांगितलें आहे. त्यानें मेंढराला किंवा माणसाला जखम केली तर पहिल्या वेळीं उजवा कान कापावा, दुसऱ्या वेळीं डावा. तिसऱ्या व चौथ्या वेळीं पायांवर वार करावा, पांचव्या वेळीं शेपूट तोडावें. आजच्या मनाला ही शिक्षा क्रूर वाटेल. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे: कान कापलेला कुत्रा रस्त्यानें चालला कीं त्याचा पूर्वेतिहास पाहणाऱ्याला दिसे. आपल्या घरोघरचे चावरे कुत्रे मात्र दोन्ही कान शाबूत ठेवून पाहुण्यांपुढें येतात, आणि धनी म्हणतो, "तो कांहीं करीत नाहीं हो!"

हा सर्व मोजमापीचा न्याय सोडून मध्ययुगीन युरोपांत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. तेथें जनावरालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करूं लागले. फ्रान्समधील फालेझ गांवीं १३८६ सालीं एका डुकरिणीनें लहान मुलाचा चेहरा व हात फाडले आणि मूल दगावलें. न्यायालयानें तिला तशाच जखमा करून फांशीं देण्याची शिक्षा फर्माविली. तिला माणसाचे कपडे घातले होते असें सांगतात. आणि फांशीं देणाऱ्याला त्या कामाचे दहा सू, दहा दनिये आणि एक नवा हातमोजा मिळाल्याची पावती नमूद आहे. १४५७ सालीं साव्हिन्यी येथें पांच वर्षांच्या मुलाला मारल्याबद्दल एका डुकरिणीला फांशीं झाली. तिचीं सहा पिलें रक्तानें माखलेलीं सांपडलीं होतीं, पण त्यांनीं गुन्ह्यांत भाग घेतल्याचा पुरावा नाहीं म्हणून तीं वांचलीं. ए. पी. एव्हान्स नांवाच्या अभ्यासकानें १९०६ सालीं अशा खटल्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला आहे.

वाचून हंसूं येतें खरें. पण हंसण्याआधीं थोडें थांबावें. त्या मुलाचे आईबाप त्या चौकांत उभे असतील. ज्या चेहऱ्याला त्यांनीं दृष्ट लागूं नये म्हणून जपलें, तो चेहरा एका जनावरानें नाहींसा केला. कोणाला तरी शिक्षा झाल्यावांचून त्यांचें समाधान होण्याजोगें नव्हतें, आणि न्यायालयानें तें समाधान त्यांना कपडे घातलेल्या डुकरिणीच्या रूपानें दिलें. आमच्या स्नेह्यांचा मुलगा "त्याला सुई द्या" असें म्हणाला तेव्हां त्याच्या आवाजांत हाच फालेझचा चौक होता. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु शिक्षा म्हटली कीं ती भोगणाऱ्याला आपण काय केलें हें कळलें पाहिजे. जनावराला तें कळत नाहीं. म्हणून त्याला मारतां येतें, पण शिक्षा देतां येत नाहीं. फांशींच्या दोरीनें डुकरिणीचा जीव गेला, परंतु तिला गांवांत मोकळें सोडणाराची लाज त्या दोरीला बांधली गेली नाहीं.

ह्यानंतर कुत्र्याच्या वांट्याला एक निराळेंच भय आलें. तें भय पापाचें नव्हतें, रोगाचें होतें. पिसाळलेला कुत्रा वैद्यकाला फार प्राचीन काळापासून माहीत आहे. सुश्रुतानें कल्पस्थानांत अलर्काच्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या, विषाचें वर्णन केलें असून, पाण्याला भिऊं लागलेला रोगी असाध्य समजावा असें सांगितलें आहे. ह्या भयानें माणसाची बुद्धि फिरली तर नवल नाहीं. एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडांत असा समज रूढ होता कीं, आज चावलेला निरोगी कुत्रा पुढें केव्हां तरी पिसाळला तर चावा घेतलेला मनुष्यहि त्याच वेळीं पिसाळेल. म्हणून कुत्रा बरा असो वा वाईट, चावला कीं मारावा!

ह्याच भयानें मुंबईंत १८३२ सालीं मोठें प्रकरण घडविलें. उन्हाळ्यांत बेवारशी कुत्रीं मारण्याची पोलिसांची वहिवाट होती आणि मारलेल्या कुत्र्यामागें बक्षीस मिळे. त्या वर्षीं ही मुदत वाढविण्यांत आली. बक्षिसाच्या लोभानें शिपाई लोकांचीं पाळलेलीं कुत्रींहि मारतात, असा बोभाटा झाला. ६ जून रोजीं कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशीं पारशांनीं दुकानें बंद ठेवलीं, त्यांना इतर जमातींचे लोकहि मिळाले, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा शिधा अडला, आणि अखेर लष्कर बोलवावें लागलें. ज्यांच्या धर्मग्रंथानें चावऱ्या कुत्र्याचेहि कान मोजून कापावयास सांगितलें, त्यांच्या दारांतलीं न चावलेलीं कुत्रीं दर डोईच्या बक्षिसावर मारलीं जात होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या संतापाचें मूळ कळतें. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई प्रभृति धनिकांच्या पुढाकारानें मुंबईचें पांजरापोळ स्थापन झालें. मुंबईच्या लोकांनीं अन्यायाला दिलेलें हें उत्तर उदार होतें. पण त्या दंग्यांत एक गोष्ट हरवली. सरकारला कुत्र्यांची संख्या दिसत होती, लोकांना आपला धर्म दिसत होता. कोणता कुत्रा चावला आणि कोणाला चावला, हा साधा प्रश्न विचारण्यास मधें कोणालाच फुरसत नव्हती. कुत्र्यांविषयींचे आपले आजचे वादहि बहुधा ह्याच दोन टोकांवर लढले जातात.

भयाचें हें राज्य पाश्चरनें मोडलें. १८८५ च्या जुलै महिन्याच्या ६ तारखेस जोसेफ मायस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यानें आपली लस टोंचण्यास सुरुवात केली. त्या मुलाला अल्सास प्रांतांत कुत्र्यानें अनेक ठिकाणीं चावे घेतले होते. तो मुलगा जगला. ह्या प्रसिद्ध कथेंतील एक तपशील सहसा कोणी सांगत नाहीं. तो कुत्रा धन्यानें ताबडतोब मारला होता. तो पिसाळलेला होता हें ठरविलें तें त्याच्या पोटांत गवत, पेंढा आणि लांकडाचे तुकडे सांपडले ह्यावरून. म्हणून त्या कुत्र्याला खरोखर रोग होता कीं नव्हता, अशी शंका पुढें अभ्यासकांनीं काढली. मेलेला कुत्रा साक्ष देऊं शकत नाहीं. जिवंत कुत्रा देऊं शकतो, हें शास्त्राला पुढें कळलें. चावा घेतल्यावर दहा दिवस कुत्रा निरोगी राहिला, तर चाव्याच्या वेळीं त्याच्या लाळेंत रोगाचें विष नव्हतें असें खात्रीनें म्हणतां येतें. मुलाची जखम मात्र लगेच साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावयाची आणि लस त्याच दिवशीं सुरू करावयाची. त्यासाठीं कुत्र्याच्या साक्षीची वाट पाहावयाची नाहीं. ‘अपरीक्षितकारक’ होऊं नको, हा पंचतंत्राचा उपदेश अशा रीतीनें दहा दिवसांची मुदत घेऊन वैद्यकाच्या पुस्तकांत शिरला.

आतां अर्वाचीन कायद्याकडे वळूं. इंग्रजी कायद्याचा जुना दंडक असा कीं, कुत्र्याच्या दुष्ट स्वभावाचें ज्ञान धन्याला होतें हें सिद्ध झाल्यावांचून चावलेल्या मनुष्याला भरपाई मिळावयाची नाहीं. ‘प्रत्येक कुत्र्याला एक चावा माफ’ अशी त्याची लोकांनीं म्हणच करून टाकली. पुढें १८६५ सालीं पार्लमेंटानें हा दंडक शिथिल केला, पण तो कोणासाठीं? गुरांसाठीं आणि मेंढरांसाठीं! कुत्र्यानें मेंढरूं फाडलें तर धन्याला स्वभाव ठाऊक असो वा नसो, त्यानें पैसे भरावे. मूल फाडलें तर आईबापांनीं धन्याच्या मनांतलें ज्ञान सिद्ध करून दाखवावें. मेंढरांना पार्लमेंटांत वाली होते, मुलांना नव्हते, एवढाच ह्याचा अर्थ. १८७१ च्या कायद्यानें पहिल्यानें न्यायाधीशाला असा अधिकार दिला कीं, कुत्रा धोकादायक असून त्याच्यावर नीट ताबा ठेवलेला नाहीं असें दिसल्यास त्यानें धन्याला ताबा ठेवण्याचा हुकूम करावा, अथवा कुत्रा नष्ट करवावा. ह्या ‘अथवा’मध्यें आम्हांस मोठें शहाणपण दिसतें.

तें शहाणपण टिकविणें मात्र सोपें नसतें. १९९१ च्या वसंतांत इंग्लंडांत कुत्र्यांचे कांहीं भयंकर हल्ले झाले. एका सहा वर्षांच्या मुलीचे हाल वर्तमानपत्रांतून घरोघर पोंचले. कांहीं आठवड्यांतच कायदा झाला. चार जातींच्या कुत्र्यांवर बंदी आली, आणि त्या जातींच्या कुत्र्याला, तसेंच ताब्याबाहेर जाऊन माणसाला जखमी करणाऱ्या कोणत्याहि कुत्र्याला, मारण्याचा हुकूम देणें न्यायाधीशावर बंधनकारक झालें. विवेकाला जागाच उरली नाहीं. सहा वर्षांनीं, १९९७ सालीं, ती चूक सुधारून, हा कुत्रा लोकांना धोका आहे काय हें पाहून निर्णय घेण्याची मोकळीक न्यायाधीशाला परत दिली. आणखी एक उणीव भरून निघावयास २०१४ साल उजाडलें: तोपर्यंत तो फौजदारी कायदा मुख्यतः सार्वजनिक जागेपुरता होता, त्या वर्षापासून घराच्या चार भिंतींआड घडलेला हल्लाहि त्याच्या कक्षेंत आला. मुलांना घरांतला ओळखीचाच कुत्रा चावतो, हें आईबापांना ठाऊक असलेलें सत्य कायद्याला इतक्या उशिरानें उमगलें.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेंत जनावराविषयीं निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले होते. २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत कैद तीच राहिली असून दंड पांच हजारांपर्यंत वाढला आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल २००१ पासून मारण्याऐवजीं निर्बीजीकरण व लसीकरण हें धोरण आलें. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या परिसरांतील कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम प्रथम केला, आणि अकराच दिवसांनीं तो बदलून, लस व शस्त्रक्रिया झालेलीं कुत्रीं मूळ जागीं परत सोडावीं, पिसाळलेलीं व आक्रमक मात्र सोडूं नयेत, असें ठरविलें. एकंदर हजारों कुत्र्यांचा विचार सोडून ‘हें कुत्रें कसें आहे?’ ह्या प्रश्नाकडे न्यायालयाचें पाऊल वळलें, हें आमच्या मतें योग्यच झालें.

आतां जो निश्चय झाला तो सांगतों. ज्या कुत्र्यानें मुलाला गंभीर जखम केली आहे, आणि शांतपणें चौकशी केल्यावर जो मुलांच्या आसपास सुरक्षितपणें ठेवतां येण्याजोगा नाहीं असें दिसतें, त्याला पशुवैद्याच्या हातून वेदना न होऊं देतां मरण द्यावें. ‘जनावराला पाप कळत नाहीं’ हें म्हणणें खरें आहे. पण त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं त्याला शिक्षा करूं नये. मुलाला पुन्हां त्याच्या दांतांखालीं जाऊं द्यावें, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. उलटपक्षीं, जखम कितीहि मोठी असली तरी चौकशीवांचून मारणें हा ब्राह्मणीचाच अविचार आहे. कुत्रा जेवत होता काय? त्याला कोठें दुखत होतें काय? मूल त्याच्याजवळ एकटें कोणीं सोडलें? ह्या प्रश्नांचीं उत्तरें आल्यावर कुत्रा दुसऱ्या व्यवस्थेंत, मुलांपासून दूर, जाणत्या हातांत खरोखर ठेवतां येत असेल, तर तसें करावें. पण ‘कोणाला तरी देऊन टाकूं’ ह्या शब्दांत स्वतःची फसवणूक करूं नये. पोत्यांत घालून नदीपलीकडे किंवा दुसऱ्या गांवच्या वेशीवर कुत्रें सोडून येण्याची जी रीत आपल्याकडे चालत आली आहे, ती दया नव्हे. आपल्या मुलावरचें संकट तें दुसऱ्याच्या मुलाच्या दारांत नेऊन ठेवणें आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कुत्रा मेला म्हणून हिशेब मिटत नाहीं. इतिहासांत कायदा जेव्हां जेव्हां शहाणा झाला, तेव्हां तेव्हां त्यानें धन्याकडे बोट दाखविलें. आणि जेव्हां जेव्हां भय अथवा संताप न्यायासनावर बसला, तेव्हां जनावराला पुढें करून धनी मागच्या मागें निसटला. कुत्र्याला मारण्याची घाई कित्येकदां मुलाच्या प्रेमापेक्षां आपली जबाबदारी लवकर पुरून टाकण्याच्या इच्छेनेंच झालेली असते.

हें सारें घेऊन आम्ही दहा दिवसांनीं स्नेह्यांकडे गेलों. मोती निरोगी होता. पशुवैद्यानें तपासलें तेव्हां त्याचा कान आंतून पिकलेला आढळला होता, आणि त्या दिवशीं तो जेवत असतांना मुलीनें मागून येऊन त्याला मिठी मारली होती. आम्हांला वाटलें, मोती सुटला. आम्हीं राजा आल्फ्रेडच्या कोष्टकाची हकीकत गंमत म्हणून सांगितली. सहा, बारा, तीस. ती ऐकून आजोबा एकदम गप्प झाले. मग खालीं पाहून म्हणाले, "तिसराच आहे हा." दोन वर्षांपूर्वीं मोतीनें दूधवाल्याच्या हाताचा लचका तोडला होता, गेल्या दिवाळींत शेजारच्या मुलाच्या पोटरीला. दोन्ही वेळां आजोबांनीं इंजेक्शनांचे पैसे दिले, हातापायां पडले, आणि घरांत कोणालाहि कळूं दिलें नाहीं. तेव्हां कान दुखत नव्हता.

निर्णय त्यांनींच घेतला. दुसऱ्या दिवशीं पशुवैद्य आले तेव्हां मोतीचें डोकें त्यांच्या मांडीवर होतें, आणि मुलगा, जो पहिल्या दिवशीं इतका तापला होता, तो दाराशीं तोंड फिरवून उभा होता. आम्ही निघतांना आजोबा फाटकापर्यंत पोंचवावयास आले. तेथें भुंकणारें कोणी नव्हतें. म्हणाले, "तुम्ही ह्यावर कांहीं लिहिलेंत तर एवढें करा. मोतीला शिक्षा झाली असें लिहूं नका. पहिल्या दोन वेळां आरोळी ऐकूं आली होती, ती मला."